सात दिवसांत कळवा

मार्च आला की मला राग येतो. इतरांना मार्चमध्ये मोगरा आठवतो, कैऱ्या आठवतात. मला राग येतो, तोही ठरलेल्या वेळी, वार्षिक तपासणीला साहेब यावेत तसा. चर्चमध्ये वेदीवर उपवासकाळाचं जांभळं कापड चढतं. काळेवाडीच्या रस्त्यावर रसवंतीचे घुंगरू वाजायला लागतात. पत्र्याच्या शेडमधल्या लेथ मशिनींचा तेलकट वास उन्हाने दुप्पट होतो. पाठीवर ड्रॉइंगची लांब नळी अडकवलेली पोरं बसस्टॉपवर दिसायला लागतात, आणि माझं डोकं फिरतं.

यंदा तर निमित्त आयतंच चालून आलं. चाकणला मी ज्या कंपनीत क्वालिटीत आहे, तिथे सोमवारी आमच्या साहेबांनी माझ्या हातात लाल चिठ्ठ्यांचा गठ्ठा ठेवला. वर्षातून एकदा शॉपफ्लोअरची आवराआवर निघते. जी वस्तू वापरात दिसत नाही तिच्यावर लाल चिठ्ठी लावायची. चिठ्ठीवर छापलेलं असतं, 'सात दिवसांत कळवा'. कोणी काही बोललं नाही, तर आठव्या दिवशी वस्तू भंगारात जाते. कारखान्यासाठी ही पद्धत उत्तम आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण गठ्ठा हातात आला आणि माझी कानशिलं गरम झाली. लाईनवरचे शिंदेभाऊ माझ्याकडे बघत म्हणाले, "मॅडम, चिठ्ठी डकवताय का मुस्काटात मारताय? कुणावर राग काढताय एवढा?"

"पप्पांवर," मी म्हटलं.

ते हसले. त्यांना वाटलं मी गंमत करतेय.

आधी स्वतःबद्दल खरं सांगते, नाहीतर पुढचं सगळं एकतर्फी होईल. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी अत्यंत गबाळी मुलगी होते. गबाळी म्हणजे थोडीफार नाही. एकदा मी गुरुवारचा पेपर शुक्रवारी द्यायला गेले होते. माझ्या सॅकच्या तळाशी मागच्या सेमिस्टरचा डबा सापडला होता, झाकणासकट आणि आतल्या भाजीसकट. कॅल्क्युलेटर तीन हरवले. एक चर्चमध्ये संडेस्कूलच्या कपाटात सापडला, दुसरा पिंपरीच्या बसमध्ये गेला, तिसरा कुठे गेला ते देव जाणे. माझ्या खोलीत, म्हणजे काळेवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांमधल्या आतल्या खोलीत, पलंगावर कपडे, टेबलावर पुस्तकं, पुस्तकांवर कपबशी, आणि पलंगाखाली बाकी सगळं. मला त्या पसाऱ्यात सगळं सापडायचं, असं मी म्हणायचे. ते खोटं होतं. काहीच सापडायचं नाही.

पण पसारा माझा होता. हे वाक्य मी त्या वर्षी शंभर वेळा मनात म्हटलं असेल, तोंडाने एकदाही नाही.

त्याच वर्षी पप्पांनी व्हीआरएस घेतली. घेतली म्हणायचं, खरं म्हणजे घ्यायला लावली. तीस वर्षं चिंचवडच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होते. हातात मायक्रोमीटर, खिशाला दोन पेनं, एक लाल आणि एक निळं. त्यांनी सही केलेला पार्ट परत आला असं कधी झालं नाही, ही गोष्ट ते स्वतः कधी सांगायचे नाहीत, पण घरी आलेला प्रत्येक पाहुणा सांगायचा. मग कंपनीने प्लांट हलवला आणि पप्पा चोपन्नाव्या वर्षी घरी बसले. मम्मी नर्स, तिच्या ड्यूट्या चालू. माझं कॉलेज चालू. सकाळी आम्ही दोघी निघून गेलो की पप्पा आणि दोन खोल्या.

पहिल्या आठवड्यात त्यांनी स्वयंपाकघरातल्या डब्यांवर नावं चिकटवली. दुसऱ्या आठवड्यात गॅसच्या सिलिंडरभोवती जमिनीवर पिवळी टेप मारली. मम्मी ड्यूटीवरून आली, टेपकडे बघितलं आणि म्हणाली, "सिलिंडर कुठे पळून जाणार होता का?" आम्ही दोघी खूप हसलो. पप्पाही हसले. भिंतीवर एक फळी लावून त्यांनी पक्कड, हातोडी, पाना यांच्या आकृत्या काढल्या. प्रत्येक हत्यार आपापल्या आकृतीत टांगायचं, रिकामी आकृती दिसली की काय हरवलं ते कळतं. खरंच सोयीचं होतं ते. मार्कर पेनचा तो उग्र वास मात्र घरभर असायचा, आमटीलासुद्धा यायचा.

मग ते माझ्या खोलीत आले.

एका संध्याकाळी कॉलेजमधून येते तर माझ्या खोलीत अकरा ठिकाणी लाल चिठ्ठ्या. बाजारातून लाल कार्डशीट आणून पट्टीने कापलेल्या, प्रत्येकीवर त्यांच्या सुरेख अक्षरात वस्तूचं नाव, तारीख, आणि खाली 'सात दिवसांत कळवा'. तुटक्या छत्रीवर एक, फाटक्या चपलांवर एक, बंद पडलेल्या टेबलफॅनवर एक. मी मोबाईलवर फोटो काढून मैत्रिणींना पाठवला. 'आमच्याकडे ऑडिट आहे' असं खाली लिहिलं. सगळ्यांनी हसऱ्या तोंडांचा पाऊस पाडला. पलंगाखाली एक चिठ्ठी होती, तीही मी बघितली. 'जाड कागदांची गुंडाळी, धूळ बसलेली.' मी ती बघितली आणि हसले. हे मी कबूल करते. कोणी विचारलं नाही तरी कबूल करते.

ती गुंडाळी म्हणजे माझ्या मशीन ड्रॉइंगच्या शीट होत्या. पूर्ण झालेल्या सात. प्रत्येक शीट हाताने काढलेली, प्रत्येकीला तीन-चार दिवस लागलेले, खालच्या कोपऱ्यात सरांची सही. एकूण बारा करायच्या होत्या. बारा जमा केल्याशिवाय टर्मवर्क नाही, टर्मवर्क नाही तर हॉलतिकीट नाही, आणि नाव डिटेन लिस्टमध्ये. म्हणजे वर्ष गेलं.

आठव्या दिवशी, बुधवारी, मी घरी आले तेव्हा खोलीला फिनेलचा वास येत होता. पलंगाखालची फरशी ओली होती आणि स्वच्छ होती.

"पप्पा, पलंगाखालच्या शीट?"

"कुठल्या शीट?"

"जाड कागद. गुंडाळी."

ते वर्तमानपत्र वाचत होते. चष्मा काढला. "ती भंगारवाल्याला दिली. चिठ्ठी लावली होती. सात दिवस झाले."

"माझं सबमिशन होतं ते!"

"मग तू बोलायचंस ना कृपा. नियम लावून दिला होता. सात दिवसांत तू एक शब्द बोलली नाहीस."

मी चपलासुद्धा न घालता पळाले. नाल्याकडच्या भंगारवाल्याकडे पोचले तेव्हा तो पत्र्याच्या सावलीत चहा पीत बसला होता. लातूरकडचा माणूस, आम्हाला ओळखायचा. "ताई, सकाळच्यालाच टेम्पो भरून गेला की. जाड कागद चांगला होता, लगेच टाकला." मग त्याला काहीतरी आठवलं. त्याने वजनकाट्याखालून एक कागद ओढून काढला. "हा एक हाय बघा. काटा हलत होता म्हणून अंथरला होता." माझी चौथी शीट होती, घड्या पडलेली, मधोमध काट्याचा काळा ठसा, पण सरांची सही शाबूत. त्या माणसाने ती शर्टाच्या बाहीने पुसली आणि "सॉरी ताई" म्हणत मला दिली. त्या सगळ्या आठवड्यात मला सॉरी म्हणणारा तो एकटाच.

दुसऱ्या दिवशी सरांनी ऐकून घेतलं. ते काही वाईट नव्हते. म्हणाले, मुदत वाढवून देतो, पण विभागप्रमुखांना कारण दाखवावं लागेल, पालकांचं पत्र आण, सोमवारपर्यंत. पत्र आलं तर पंधरा दिवस देतो, त्यात बाकीच्या शीट काढायच्या. पत्र नाही आलं तर माझ्या हातात काही नाही.

त्या संध्याकाळी पप्पांनी पत्र लिहिलं. रेघ न मारता सरळ ओळीत लिहितात ते. मी वाचलं. 'माझी मुलगी कु. कृपा हिच्या निष्काळजीपणामुळे तिच्या ड्रॉइंग शीट गहाळ झाल्या आहेत. तरी तिला एक संधी द्यावी ही विनंती.'

दोनदा वाचलं. मग त्यांच्याकडे बघितलं.

"गहाळ झाल्या?" मी विचारलं.

"मग काय लिहू? बापाने भंगारात घातल्या लिहू?"

"हो."

"वेडी आहेस का तू," पप्पा म्हणाले, आणि हात धुवायला उठले.

त्या क्षणी मला जास्त राग कशाचा आला, ते मला आज नीट सांगता येतं. शीट गेल्याचा नाही. चूक कोणाचीही होते. पण ज्या माणसाने तीस वर्षांत चुकीच्या मापावर एकदाही सही केली नाही, साहेब समोर उभा राहून माल सोडायला सांगत असतानाही केली नाही, त्याने माझ्याबाबतीत मात्र बिनदिक्कत सही केली. कंपनीच्या नट-बोल्टला जी इज्जत होती ती घरातल्या पोरीला नव्हती. राग आला तो त्याचा.

आणि त्याच संध्याकाळी आमच्याकडे प्रार्थनासभा होती. उपवासकाळात आमच्या चर्चच्या मंडळीत रोज एकेका घरी सभा होते. सतरंज्या अंथरल्या, बायका आल्या, पाळकसाहेब आले, गीत झालं. मग प्रार्थनेचे विषय विचारले. ही आमची पद्धत. कोणाचं ऑपरेशन, कोणाच्या मुलाची नोकरी, कोणाचा गुडघा, सगळ्यांसमोर सांगायचं आणि सगळ्यांनी मिळून प्रार्थना करायची. एरवी मला ही पद्धत आवडते. माणूस आपल्या दुखण्यात एकटा राहत नाही. त्या दिवशी पप्पांनी हात वर केला आणि म्हणाले, "कृपासाठी प्रार्थना करा. तिच्या जीवनाला शिस्त लागावी."

शैलामावशी म्हणजे आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा. त्यांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली. "हे प्रभू, या लेकीच्या जीवनाची घडी विस्कटली आहे, ती तू नीट बसव. तिला आळसापासून सोडव. तिच्या मोबाईलवर तू ताबा ठेव. तिच्या खोलीत, हे प्रभू, तिच्या टेबलावर, तिच्या कपाटात..." माझ्या कपाटापर्यंत त्या तपशिलात गेल्या. माझ्या डाव्या हाताला बसलेली माझ्याच वर्गातली मुलगी हसू दाबत होती, मला तिचा खांदा हलताना जाणवत होता. मी एक डोळा उघडून पप्पांकडे बघितलं. ते मान खाली घालून बसले होते. प्रार्थना संपली तेव्हा सगळ्यांत मोठ्याने आमेन त्यांनीच म्हटलं.

जाताना शैलामावशींनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "नीट राहत जा गं. प्रभूला अव्यवस्था आवडत नाही." मी मान डोलावली. चहाचे कप गोळा केले, सतरंज्यांच्या घड्या घातल्या. घड्या अशा घातल्या की मम्मी म्हणाली, "सतरंजीचा गळा का आवळतेयस?"

ते पत्र मी दिलं नाही. शुक्रवारी दिलं नाही, शनिवारी दिलं नाही. मम्मी समजावून थकली. ती त्यांच्या बाजूची नव्हती, पण माझ्याही नव्हती. "दे ना ते पत्र. दोन ओळींनी काय होतंय? नोकरी सुटल्यापासून आधीच खचलेत ते. कॉलेजात जाऊन आपली चूक कबूल करायची म्हणजे... तू वर्ष वाचव आधी."

"खोटं आहे ते, मम्मी."

"खोटं आहे. पण वर्ष तुझं आहे."

बरोबर होतं तिचं. वर्ष माझं होतं, आणि मी ते एका वाक्यासाठी पणाला लावत होते. मला भीतीही वाटत होती. पण मी तोपर्यंत शीट काढायला सुरुवात केली होती. पत्र जाईल की नाही माहीत नव्हतं, तरी. पहाटे पाचला उठायचे, जेवणाची भांडी सरकवून ओट्याशेजारी ड्रॉइंग बोर्ड ठेवायचे, कारण आतल्या खोलीत उजेड कमी. कागदाला क्लिपा, पेन्सिलीला टोक, टी-स्क्वेअर डावीकडे, खोडरबर उजवीकडे. नळाला पाणी यायच्या आत एक एलेव्हेशन, म्हणजे पार्टची समोरून दिसणारी आकृती, पूर्ण. लोक म्हणतात रागाने माणसाचं काम बिघडतं. माझ्या आयुष्यात तोपर्यंत प्रेमाने, समजुतीने, टाइमटेबलने, प्रार्थनेने जे झालं नव्हतं, ते त्या तीन दिवसांत निव्वळ संतापाने झालं. माझ्या रेषा कधी नव्हे इतक्या सरळ येत होत्या. पप्पा सहाला उठायचे, बोर्डाला वळसा घालून चहा ठेवायचे. त्यांचा माझ्या रेषांवर डोळा जायचा.

रविवारी प्रभुभोजन होतं, म्हणजे वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकून भाकरी आणि द्राक्षरस घ्यायचा विधी. आमचं चर्च देहूरोडला, जुनं, जाड भिंतींचं, मार्चमध्येही आत गारवा असतो. भोजनाआधी पाळकसाहेब नेहमीची सूचना देतात, की ज्याच्या मनात कोणाविषयी अढी असेल त्याने आधी समेट करावा, मगच पुढे यावं. दर वेळी हे सांगतात आणि दर वेळी सगळेच्या सगळे पुढे जातात. सासू-सुना जातात, जमिनीवरून कोर्टात गेलेले भाऊ एकाच रांगेत गुडघे टेकतात. मंडळीतलं माणूस बाकावर बसून राहिलं, तर त्याने काहीतरी भयंकर केलंय असंच सगळे समजतात.

आमची रांग उठली. मी उठले नाही.

मम्मीने कोपराने ढोसलं. मी हलले नाही. शैलामावशी पुढच्या बाकावरून वळून बघायला लागल्या, मग त्यांच्या शेजारणी, मग त्यांच्यापुढच्या. माझ्या एकोणीस वर्षांच्या इभ्रतीचं काय होणार आहे ते मला त्या वळणाऱ्या मानांवरून कळत होतं. अर्ध्या मंडळीने मनातल्या मनात माझं पाऊल घसरवूनही टाकलं असेल. पण माझ्या मनात अढी होती. पाळकसाहेबांनी विचारलं होतं आणि मी खरं उत्तर देत होते.

पप्पा पुढे पोचले होते. कठड्याशी गुडघे टेकले होते. पाळकसाहेब भाकरीची थाळी घेऊन दोन माणसांच्या अंतरावर आले, तेव्हा पप्पांनी मागे वळून बघितलं. मी त्यांच्या नजरेला नजर दिली. मग कठड्याला धरून उठले, भरल्या चर्चमधून मधल्या वाटेने परत आले आणि माझ्या शेजारी बसले. थाळी त्यांच्या रिकाम्या जागेवरून पुढे गेली. आम्ही दोघं तसेच बसून राहिलो, भोजन न घेता, सगळ्यांच्या देखत. त्यांचा श्वास जोरात चालू होता.

दुपारी मम्मी ड्यूटीला गेली. पप्पा जेवले नाहीत. स्टुलावर बसून लिहीत होते. संध्याकाळी त्यांनी माझ्या बोर्डाच्या कोपऱ्यावर एक बंद पाकीट ठेवलं आणि फिरायला निघून गेले.

पाकीट मी सोमवारी कॉलेजच्या जिन्यात उघडलं. पत्र नव्हतंच ते. कारखान्यात एखादा पार्ट बिघडला की त्याचं मूळ शोधायला एकामागून एक पाच वेळा 'का' विचारतात आणि तक्ता भरतात. पप्पांनी वहीच्या कागदावर पट्टीने रेघा मारून तो तक्ता केला होता.

शीट का नाहीत? भंगारात गेल्या.

भंगारात का गेल्या? मी, तिच्या वडिलांनी, दिल्या.

का दिल्या? वापरात नाहीत असे समजलो.

का समजलो? मुलीला विचारले नाही.

का विचारले नाही? ती नाही म्हणाली असती.

खाली सही, आणि सहीखाली सवयीने लिहिलेलं 'निरीक्षक'.

मी जिन्यातच बसले. माझ्या बाजूने पोरं वर-खाली करत होती, कोणाची तरी ड्रॉइंगची नळी माझ्या डोक्याला लागली. रडू आलं, पण ते विरघळल्याचं नव्हतं. शेवटची ओळ वाचून मला आणखी संताप आला. म्हणजे त्यांना माहीत होतं. मी नाही म्हणेन हे माहीत होतं, म्हणून त्यांनी विचारायची भानगडच ठेवली नव्हती. सात दिवसांची मुदत दिली, तीही अशी की गप्प बसलं तर होकार. आणि हे सगळं त्यांनी मला नाही, विभागप्रमुखांना लिहून दिलं होतं. माझ्याकडे त्यांनी आजतागायत माफी मागितलेली नाही.

विभागप्रमुखांनी तक्ता वाचला. पुन्हा वाचला. "वडील क्वालिटीत होते का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी पंधरा दिवसांच्या मुदतीवर सही केली.

घरी आले, खोलीत गेले, सॅक टाकली. पलंगावर कपड्यांचा ढीग होता, टेबलावर पुस्तकं आणि दोन कप. टेबलफॅनच्या जागी मोकळा कोपरा. थोड्या वेळाने पावलं वाजली. पप्पा दाराशी आले होते. दार उघडंच होतं, आमच्याकडे आतल्या खोलीचं दार कधी लावतच नसत. एरवी ते सरळ आत येत, बोलत बोलत चादर झटकत, पुस्तकं रचत. त्या दिवशी ते उंबऱ्याच्या बाहेर उभे राहिले. हात मागे घेतलेले.

"झालं का काम?"

"झालं."

"बरं." मग खोकले. माझ्या पसाऱ्याकडे बघितलं आणि नजर चटकन काढून घेतली. "येऊ का आत?"

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं होतं.

"नको," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली आणि ते बाहेरच उभे राहिले. मी उठले आणि टेबलावरचे दोन कप आधी उचलले.